पडद्यातलं रुपयाएवढं भोक

मित्रांनो, मी उधव्याच्या नाटक मंडळीचा एक जुना पडदा आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगून पाहतो.

गावातलं वाचनालय सांभाळणाऱ्या चिमणकाकांनी २०१४ साली ही मंडळी काढली. नाटकं तेच लिहीत. पडद्यासाठी त्यांनी घरोघर जुनं कापड मागितलं. कुणी धोतर दिलं, कुणी चादर. शुक्रीने तिचं लाल लुगडं दिलं. ती दिवसा मजुरीला जायची आणि नाटकात म्हातारीचं काम करायची. चुलीतली ठिणगी उडून त्या लुगड्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

"लाज वाटते काका, ठिगळ लावते," ती म्हणाली.

"राहू दे. मला ते लागेल."

पहिल्या प्रयोगाला जो तो माझ्यात आपलं कापड शोधत बसला. मला बाजूला ओढताच झिपरूआजोबा ओरडले, "अरे, पडदा कशाला काढला? माझं धोतर अजून सापडलं नाय!"

काका फार लाजाळू. लोकांसमोर कधी यायचे नाहीत. मला रंगमंचाच्या कडेला बांधलं, की ते माझ्यामागे उभे राहून त्या भोकाला डोळा लावत. नाटकाकडे त्यांचं लक्षच नसे, ते माणसांचे चेहरे बघत. लोक हसले की वहीत खूण करत. कुणी जांभई दिली की ते वाक्य पेन्सिलीने खोडत. त्यांची सगळी नाटकं अशीच घडली.

२०१७ मध्ये चिखल्याला प्रयोग होता. नाटकातल्या म्हातारीची शेळी हरवते आणि ती रानोमाळ तिला शोधत फिरते. शोध रंगात आला आणि पुढच्या दोन रांगा उठून गेल्या. भोकाजवळचं माझं कापड ओलं झालं.

"मला लिहिता येत नाही, शुक्री," काका म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना उगाच नादी लावलं."

मित्रांनो, भोकातून चेहरे दिसतात, रस्ता दिसत नाही. मला मात्र रस्ता दिसत होता. शेजारच्या झाई गावाला जाणारी शेवटची एसटी आली होती. लोक मागे वळून वळून बघत तिच्यात चढत होते. पण पडद्याला कोण विचारतं?

मंडळी बंद पडली. दोन वर्षं मी काकांच्या अंगणात पेंढ्यावर पडून होतो. उंदरांनी माझी कड कुरतडली. काका येता-जाता मान फिरवून जात.

मग २०१९ मध्ये एके दिवशी शुक्री बाजारात सुकट घ्यायला गेली. मासळीवाली जानी झाईची. ती शुक्रीकडे बघतच राहिली.

"तू ती शेळीवाली ना गं? मिळाली का तुझी शेळी?"

"दोन वर्षं झाली बाय, अजून तेच?"

"काय करू? एसटी आली न् उठावं लागलं. नवरा म्हणाला चल. रस्ताभर भांडले त्याच्याशी!"

शुक्रीने तिला टोपलीसकट काकांच्या अंगणात आणलं. "काका, ही काय विचारते ते ऐका."

जानीने पुन्हा तेच विचारलं, एसटीसकट. काका उठले, पेंढ्याशी आले आणि त्यांनी मला ओढून झटकलं.

"सांगणार नाही," ते म्हणाले. "दाखवतो."

प्रयोग झाईलाच ठेवला, तोही दुपारी. शुक्रीने काकांना माझ्यामागे उभं राहूच दिलं नाही. "आज पुढं बसा. माझं काम येईपर्यंत तुमची जागा मी घेते." काका जानीशेजारी मान खाली घालून बसले. घंटा झाली. त्यांनी हळूच वर पाहिलं, तर लाल लुगड्याच्या भोकात एक डोळा. काका हसतात की नाही, ते शुक्री बघत होती.

काका हसले. शेवटी शेळी सापडली, तेव्हा जानीने त्यांच्या पाठीत एक थाप मारली. "मिळाली एकदाची!"

मित्रांनो, आता मी विरलो आहे. मला ऊन दाखवा, उंदरांपासून जपा, फाटेन तिथे शिवा. त्या एका भोकाला मात्र ठिगळ लावू नका. आणि कुणी मध्येच उठून गेलं, तर माझी घडी घालण्याआधी एकदा रस्त्याकडेही बघा.