वाऱ्याने खाल्लेला 'स'

कवायतीच्या मास्तरांचा आवाज असा, की शाळेच्या मैदानावर त्यांनी "सावधान" म्हटलं तर शेजारच्या गल्लीतली मांजरंसुद्धा ताठ उभी राहायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिडाची होडी घेतली आणि हा आवाज समुद्रावर नेला. बायको जन्मभर ग्रंथालयात "हळू बोला"च्या पाटीखाली बसलेली. तिला सगळे बाई म्हणत.

होडीत काय नव्हतं? लहानसं इंजिन, पाण्याची खोली सांगणारं यंत्र, दोन नांगर, चाळीस मीटर साखळी, आणि तिच्यावर दर पाच मीटरला बाईंनी गुंडाळलेला लाल दोरा. येत्या सोमवारी तीन आठवड्यांसाठी बेटांकडे निघायचं होतं. नकाशावर बोट फिरवत दोघांनी त्याची दहा वर्षं वाट पाहिलेली.

घोडं अडलं होतं ते नांगरापाशी. मास्तर मागे सुकाणूवर, बाई पुढे टोकाला साखळीजवळ, आणि मधे वारा. त्या बंदरातल्या वाऱ्याला 'स' खायची भारी खोड. मास्तर ओरडायचे, "सोड!" बाईंपर्यंत पोचायचं, "ओढ!" त्या बिचाऱ्या इमानाने ओढायच्या. नांगर पाण्याला टेकतो न टेकतो तोच वर, आणि होडी निघाली वाहत, दिसेल त्या होडीची गळाभेट घ्यायला.

वाऱ्याची खोड बाईंनी ओळखली आणि प्रकरण आणखी चिघळलं. एकदा मास्तर खरोखरच "ओढ!" म्हणाले. बाईंनी 'स' मनानेच जोडला आणि साखळी सोडली ती चाळीसच्या चाळीस मीटर. तळाचा एक खेकडा वर येऊन चौकशी करून गेला, असं बघणारे अजून शपथेवर सांगतात. आणि बघणारे काय कमी होते! ही होडी दिसली की अख्खं बंदर काम टाकून कठड्याला यायचं.

त्या दिवशी बाई धक्क्यावर उतरल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "अहो, ऐका. चारचौघांत आणखी एकदा हा तमाशा झाला तर मी या होडीत पाय ठेवणार नाही. बेटं तुमची तुम्ही बघा."

बाईंशिवाय बेटं घेऊन मास्तरांनी करायचं काय?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माईक असलेले दोन हेडफोन आणले. ते फारच चांगले निघाले. मास्तर पुटपुटले, "एवढं साधं काम, पण हिला..."

"काय म्हणालात?"

"कुठे काय? वारा असेल."

"वारा 'स' खातो हो. अख्खी वाक्यं नाही बोलत." बाईंनी हेडफोन काढून पिशवीत टाकला.

शेवटी मास्तर बाईंना घेऊन शिडवाल्या मावशींकडे गेले. बंदरातली सगळी फाटकी शिडं त्याच शिवायच्या. "मावशी, 'सोड'ला दुसरा एखादा शब्द सुचवा."

मावशींनी दातात धरलेला दोरा तोडला. "साखळी जड आहे का हो?"

"तर! ओढताना हिची कंबर धरते."

"आणि सुकाणू?"

"एका बोटाने फिरतं."

"मग कंबर धरायचं काम बाईंना का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून आवाज निघाला नाही.

"बोला की," बाई म्हणाल्या, "ऐकतेय मी."

मावशींनी पुढचंही सांगून टाकलं. "तोंड वाऱ्याकडे करून होडी पुरती थांबू द्या, मगच नांगर सोडा. खोलीच्या पाचपट साखळी."

दुपारी सुकाणूवर बाई बसल्या. मास्तर पुढे निघाले खरे, पण वाटेत तीनदा मागे वळून बघितलं. बाईंनी होडी वाऱ्यासमोर आणली, ती आपसूक थांबली. पाणी चार मीटर. मास्तरांनी नांगर अलगद सोडला आणि मोजून चार लाल दोरे जाऊ दिले. बाईंनी इंजिनावर होडी हळूहळू मागे घेतली. साखळी ताणली, नांगर रुतला. किनाऱ्यावरचं धुराडं दिव्याच्या खांबामागे दिसत होतं. दहा मिनिटांनीही ते तिथेच होतं, म्हणजे होडी जागची हलली नव्हती. ओरडण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

"मास्तर, झालं?" तमाशा बघायला शेजारच्या होडीत येऊन बसलेला बंदरातला न्हावी हिरमुसून ओरडला. "एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. "आता तिथे बसून काय करता? घरी जा."

मास्तर हातांना लागलेला साखळीचा गंज पुसत मागे आले, बाईंच्या शेजारी बसले आणि सोमवारी किती वाजता निघायचं, ते त्यांनाच विचारलं. अगदी हळू आवाजात.