जिन्यावर कोणी नाही

"भीती ही माणसाची सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक भावना आहे," संकलक म्हणाले.

"दादा, जरा सरका. चार्जर तुमच्या पायाखाली आहे," निर्माते म्हणाले.

संकलक सरकले. खिडकी नसलेल्या त्या खोलीत एक सोफा, दोन पडदे आणि सकाळचा गार चहा होता. दोघांचा हा सातवा भयपट. पडद्यावर एक बाई जिन्याखाली उभी होती. घरात ती एकटी होती, आणि वरच्या मजल्यावर आत्ताच कोणीतरी खुर्ची सरकवली होती. ती वर बघत होती.

"आता?" निर्मात्यांनी विचारलं.

"आता काही नाही."

"काही नाही म्हणजे किती वेळ काही नाही?"

"ती पहिल्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत."

"वर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग खुर्ची कोणी सरकवली?"

"तेच तर."

निर्माते वयाने लहान होते, म्हणून त्यांनी आधी एक सुस्कारा सोडला. "दादा, तिकीट काढून आलेल्या माणसाला 'तेच तर' देऊन घरी पाठवता येत नाही. मागून एक हात आणा. खांद्यावर. धाडकन."

आधीच्या सहा सिनेमांत संकलकांनी इतक्या खांद्यांवर इतके हात ठेवले होते, की घरी बायकोने चहाचा कप द्यायला हात पुढे केला तरी तो चार फ्रेम उशिरा आला असं त्यांना वाटे. हाताने माणूस दचकतो, घाबरत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. दचकायला माणूस कुकरच्या शिट्टीलाही दचकतो. म्हणून कोणी कुकर बघायला तिकीट काढत नाही.

भीतीचं शिक्षण त्यांना बायकोमुळे मिळालं होतं. ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिला आणायला गेले की ते बाकावर बसत. बंद दारामागे यंत्र गुणगुणत असे आणि बाहेर चांगले धट्टेकट्टे पुरुष मासिक उलटं धरून वाचत असत. डॉक्टर कधी कोणावर मागून झडप घालत नसत. तशी गरजच पडत नसे. तो बाक एकदा तरी पडद्यावर आणायचा, एवढीच संकलकांची इच्छा होती. बाकाचा जिना झाला होता, इतकंच.

"माझा भाचा भुताचे गेम खेळतो," निर्माते म्हणाले. "प्रत्येक दारामागे काहीतरी असतंच. पोरगं जागचं हलत नाही."

"दार कसं उघडतो तो?"

"लाथ मारून."

"घाबरलेला माणूस लाथ मारून दार उघडतो का हो साहेब?"

निर्मात्यांनी थोडा विचार केला, आणि तो आवडला नाही म्हणून सोडून दिला. "चाचणी घेऊ. लोकांच्या मनगटाला पट्टे बांधू, ठोके मोजू. आलेख चढला तर तुमचा जिना. नाही चढला तर माझा हात."

चाचणी गल्लीतल्या एका जुन्या छोट्या थिएटरात झाली. प्रेक्षक आत, निर्माते, संकलक आणि पट्टेवाल्या कंपनीचा माणूस शेजारच्या खोलीत आलेखासमोर. पहिला हात पडला, रेघ जराशी उचकली. तळघर, आरसा, दुसरा हात. तीच जराशी उचकी. मग जिना आला. खुर्ची सरकली. शांतता झाली. रेघ तशीच पडून राहिली, आणि संकलकांनी मनातल्या मनात हात कुठे बसवायचा ते ठरवलंसुद्धा. तेवढ्यात रेघ उठली. उठली ती उभीच राहिली. भिंतीपलीकडून दोन-तीन बायका ओरडल्या, एक पुरुषही.

"दादा," निर्माते हळूच म्हणाले, "हा तर डोंगर आहे."

"प्रेक्षकांना काही विचारू या का?" संकलकांनी विचारलं.

"विचारायचं कशाला?" कंपनीचा माणूस म्हणाला. "माणसं खोटं बोलतात. पट्टा बोलत नाही."

प्रेक्षकांना खाऊचे पुडे देऊन घरी पाठवण्यात आलं. जिना राहिला. संकलकांनी त्या दिवशी बायकोला आलेख कागदावर काढून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. बीपी कोणाचं आहे?"

सिनेमा लागला त्या दिवशी संकलक बायकोला घेऊन नव्या, चकचकीत थिएटरात गेले. हात पडले, लोक दचकले, हसले. मग जिना आला. खुर्ची सरकली. पुढच्या रांगेत एक मोबाइल उजळला. मग दुसरा. मग सगळ्या थिएटरात काजवे चमकावेत तसे चेहरे खालून उजळत गेले. कोणीतरी जांभई दिली, तीही सगळ्यांना ऐकू गेली, कारण पडद्यावर शांतता होती आणि ती उत्तम ध्वनिमुद्रित केली होती.

"अहो, वर कोण आहे?" बायकोने कानात विचारलं.

"कोणी नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग दवाखान्याचे मेसेज बघून घेते."

सिनेमा आठवडाभर चालला. निर्माते म्हणाले, जिन्याने बुडवलं. आठव्या सिनेमात जिनाच नव्हता. लिफ्ट होती, आणि ती दर मजल्यावर किंचाळत होती. संकलकांनी सांगितल्या जागी सांगितले हात बसवले. कोणाशी वाद घातला नाही. बायकोने काळजीने तब्येत विचारली.

आठव्याची चाचणी पुन्हा त्याच गल्लीतल्या थिएटरात होती. संकलक लवकर पोचले. प्रोजेक्शनवाला खुर्च्यांखाली बॅटरी मारत होता.

"काय शोधताय?"

"सवय लागली. मागच्या वेळी तुमच्या सिनेमात लोकांच्या पायावरून उंदीर गेला ना."

संकलक हळूच खुर्चीत बसले. "कुठल्या सीनला?"

"त्या जिन्याच्या. चांगला थोराड होता. अंधारात काय गेलं ते कळेना, बायका तर खुर्च्यांवर चढल्या." त्याने बॅटरी बंद केली. "महिनाभर तो इथेच होता, पण बाहेर यायचा नाही. रोज भुताचेच सिनेमे, सारखा धडाडधूम. त्याला भीती वाटायची. तुमचं ते शांत झालं, तेव्हा पहिल्यांदा आला बिचारा."

संकलकांनी वाकून खुर्चीखाली पाहिलं.

"आता असतो का?"

"नाही. पिंजरा लावला. दुसऱ्याच दिवशी सापडला."