नावानं मोडलेली बोटं

दहा वर्षांच्या रंभीच्या जबड्याला गाठ आली आणि दापोऱ्यातल्या आमच्या घरात सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर खिळल्या. मी तिची मोठीमाय, घरातली थोरली सून, पदरी लेकरू नाही. पोरीला न्हाऊ घातलं की तिच्या गालांवरून हात फिरवून मी आपल्या कानशिलावर बोटं मोडायची, दृष्ट निघावी म्हणून. कोणती बाई हे करत नाही? पण माझी धाकटी जाऊ आशा गावभर सांगत सुटली, "कोकिळाआक्कानं माह्या पोरीच्या नावानं बोटं मोडली!"

'नावानं' एवढाच शब्द तिनं वाढवला आणि मायेचा शाप झाला. माझ्याजवळ निजणारी पोर तिनं ओढून नेली. माझं पित्त खवळलं, पण तोंड उघडलं असतं तर तोच पुरावा ठरला असता.

गाठ वाढतच गेली तेव्हा कुठं बैलगाडी बुऱ्हाणपूरला निघाली. मी न विचारता चढून बसले. गोऱ्या साहेबाच्या राज्यातला दवाखाना, तिथं चाकू आधी आणि विचारपूस मागून, असं ऐकून होते.

डॉक्टरांनी तोंडात बोट घालून गाठ दाबली. कट्ट! अंड्याचं कवच दबावं तसं. बोटं मोडल्यासारखाच आवाज; आशानं लगेच माझ्याकडं पाहिलं.

"इथला दुधाचा सुळा पडलाय, मग नवा कुठं आहे?" डॉक्टर म्हणाले. "कुणी मारलं होतं का हिला?"

"आक्कालेच इचारा."

त्यांनी गाठीत सुई टोचली. पिवळसर पाणी आलं.

"पू नाही. नवा दात हाडात अडकलाय, त्याच्याभोवती पाण्याची पिशवी धरलीय. जिवाला धोका नाही. पिशवीला तोंड पाडू, दात आपला वर येईल."

"म्हंजे कोनाची करणी नाही ना?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"असलीच तर दाताची."

क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी पिशवी उघडली, आत औषधाची पट्टी भरली. पट्ट्या बदलत गेल्या, गाठ ओसरली, आणि एक दिवस हिरडीत सुळ्याचं टोक दिसलं.

आशानं पोर माझ्यापुढं केली. "आक्का, मोडा ना हिच्यावरून बोटं."

मी हात पदराखाली घेतले. राग होता, अजूनही आहे.

मग रंभीच पुढं आली. माझ्या गालांवरून हात फिरवून तिनं बोटं आपल्या कानशिलावर दाबली. वाजेचनात. तिनं तोंडानंच आवाज काढला, "कट्ट! कट्ट!"