उद्या-उद्या

बुधवारी संध्याकाळी, सोहळ्याच्या आदल्या दिवशी, दामारचा डावा पाय जमिनीला लागला.

असं काही झालं नाही. या मुद्द्यावर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं एकमत आहे, आणि त्या घरात मोठ्या माणसांचं एकमत झाल्याची दुसरी घटना कुणाला आठवत नाही. तेव्हा जे झालं नाही ते कसं झालं, एवढंच इथे सांगायचं आहे.

वासिस हा दामारचा बाप. मांडवाला लागणाऱ्या खुर्च्या, कर्णे आणि माइक भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. त्यामुळे त्याच्या अंगणात बारा महिने कुणाचं तरी लग्न लागणार असल्यासारखं दिसे. त्याला दोन मुलं. थोरली किनांती, तिला तिसरं सरत आलेलं. धाकटा दामार, आठ महिन्यांचा. किनांती हा जमिनीवरचा प्राणी होता आणि दामार झाडावरचा. जन्मल्यापासून तो कुणाच्या तरी कडेवर, झोळीत, बांबूच्या बाकावर नाहीतर बापाच्या पोटावर असे. जावातल्या रीतीने बाळाने जमिनीला पाय लावायचा तो त्याचा जन्मवार, सात वार आणि पाच बाजारदिवस जुळून पस्तीस दिवसांनी एकदा येणारा, फिरून फिरून सातव्यांदा आला की. तोही रंगीत चिकट भाताच्या वड्या तुडवून, उसाच्या शिडीवर चढून, मग सजवलेल्या खुराड्यात बसून, आणि आजीच्या हातून. दामारचा जन्मवार पोन-गुरुवार, म्हणजे पोन हा बाजारदिवस आणि गुरुवार एकत्र. तो उद्या होता.

आजी म्हणजे वासिसच्या सासूबाई, सुकिनेम. त्यांचा या गुरुवारावर भारी जीव होता, आणि त्याला कारण होतं. किनांती झाली तेव्हा वासिस आणि वेस्त्री, दोघं नवराबायको, दूर बाताम बेटावर एका कारखान्यात कामाला होती. तिथल्या भाड्याच्या खोलीत किनांती एके दिवशी गादीवरून घरंगळली आणि फरशीवर रांगत सुटली. वासिसने मोठ्या हौसेने त्याचं चित्रण करून सासूबाईंना पाठवलं. सासूबाईंनी ते अर्धं पाहिलं, फोन पालथा घातला, आणि पुढे कितीतरी दिवस विचारलं की म्हणत, "नेटवर्क नाही." ही मंडळी गावी परत आल्यावर किनांती कुणाचं ऐकेना, तेव्हाही त्यांचं एकच म्हणणं. "ऐकेल कशी? जमिनीवर उतरली तेव्हा तरी कुणाला विचारलं होतं?"

त्यात वेस्त्रीने तिसरं होणार नाही हे स्वच्छ सांगून टाकलं होतं. म्हणजे सासूबाईंच्या वाट्याला आता एकच पाऊल शिल्लक होतं, आणि ते दामारच्या पायात होतं.

बुधवारी दुपार कलल्यावर मायलेकी चिकट भात कांडायला शेजारणीकडे निघाल्या. सासूबाई पायरीवर थांबल्या.

"वासिस, एकच संध्याकाळ. पोराला खाली ठेवायचं नाही."

"नाही ठेवत, इबू," वासिस म्हणाला. सासूबाईंना तो इबू, म्हणजे आई म्हणे.

"गादी चालेल. बाक चालेल. चटई चालायची नाही."

"चटई तर जमिनीवरच असते, इबू."

"म्हणूनच सांगतेय."

"आणि मशिदीचा कर्णा, मास?" वेस्त्रीने जाता जाता नवऱ्याला विचारलं. गावच्या मशिदीचा कर्णा दुरुस्तीसाठी आलेला होता आणि पोट उघडून अंगणात पडला होता. "लोक विचारतायत. बांग ऐकूच येत नाही म्हणे."

"आज करतो," वासिस म्हणाला. हे तो रोज म्हणत असे, आणि रोज खरंच म्हणत असे.

त्या गेल्या. वासिसने दामारला बाकावर बसवलं, एका हाताने धरून ठेवलं आणि विचार केला. एका मुलाला खेळवणं सोपं असतं, दोन मुलांना खेळवणं त्याहून सोपं असतं कारण ती एकमेकांना खेळवतात. पण एक मूल जमिनीवर आणि एक हवेत असलं की मधल्या माणसाची शिडी होते.

त्याने बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मक्याचे दाणे घालून झाकण घट्ट बसवलं आणि डबा किनांतीला दिला. तिने तो वाजवला. दामारने पाय झाडले. तिने थांबवला, दामारने पाय थांबवले. आपल्या हातात एक माणूस चालू-बंद करायचं बटण आलं आहे हे किनांतीच्या ध्यानात आलं आणि बराच वेळ अंगणात दुसरं काही ऐकू आलं नाही.

मग मोठं गोल सूप आलं. सूप बाकावर, सुपात दामार, आणि वासिस सूप हळूहळू फिरवतोय. किनांती बाकाभोवती धावे आणि दामारचं तोंड जिकडे येईल तिकडे आधी पोचून त्याला दर्शन देई. दर वेळी दामारला बहीण नव्यानेच भेटल्यासारखा आनंद होई.

मग तोंड झाकायचा खेळ. यात किनांतीने थोडा बदल केला होता. ती स्वतःचे डोळे झाकायची आणि समोरच्याला झोपलेला जाहीर करायची.

"कोंबडी झोपली," ती डोळे झाकून म्हणाली. कोंबडी तेव्हा कर्ण्याच्या उघड्या पोटातली तार ओढत होती. "चप्पल झोपली. दामार झोपला."

दामार हसत सुटला.

"झोपलेली माणसं हसत नाहीत," ती त्याला म्हणाली.

त्यानंतर वासिसला खरी युक्ती सुचली. त्याने लग्नाच्या खुर्च्या एकीला एक लावून अंगणभर रांग केली. दामारला काखेत धरून तो एकेका खुर्चीवर पाऊल टाकायला लावी आणि खालून किनांती भावाचं बोट धरून चाले. भाऊ वरच्या मजल्यावरून, बहीण खालच्या मजल्यावरून, दोघं एकाच चालीने पेरूच्या झाडापर्यंत जाऊन परत आली. परतीच्या वाटेवर किनांती थांबली. ओसरीला कागदी फुलांनी सजवलेलं खुराडं होतं. घुमटासारखं, बांबूचं, वरून झाकायचं. त्याच्याभोवती कोंबडी सकाळपासून घुटमळत होती, कारण घर तिचं होतं.

"उद्या-उद्या खेळूया," किनांती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"उद्या करतात ते."

वासिसने दामारला झोळीत घालून कडेवर घेतलं, गाठ घट्ट केली. पोर अंगाला बांधलेलं, म्हणजे जमिनीचा प्रश्नच मिटला. "चल. दामार बाळ, तू आजी."

"दामार लहान आहे. तू बाळ."

"मग दामार कोण?"

"पाहुणा."

वासिसने वाद घातला नाही. त्याने खुराडं अंगणात आणून उचललं, तशी कोंबडी आत शिरली आणि ठाण मांडून बसली. मागोमाग बाळ म्हणून वासिस पाहुण्यासकट उकिडवा बसला आणि खुराडं त्याने आपल्या आपण डोक्यावरून ओढून घेतलं. ते मोठ्या माणसासाठी केलेलं नव्हतं. मान कागदी फुलांत अडकली, कोपर बांबूत, आणि उजव्या पावलावर कोंबडी.

किनांतीने फटीतून एकेक वस्तू आत सारली. चप्पल, मक्याचं कणीस, टीव्हीचा रिमोट, एक बिघडलेला माइक. "घे. मोठा होऊन कोण होणार ते घे."

वासिसने माइक घेतला.

"नाही. चप्पल घे."

वासिसने चप्पल घेतली. अशा रीतीने त्याचं भविष्य ठरलं.

"आता सगळे झोपा," किनांती म्हणाली, आणि डोळे झाकून एकेकाचं नाव घेऊ लागली.

किती वेळ गेला कोण जाणे. फाटक वाजलं. सासूबाई आणि वेस्त्री, डोक्यावर वड्यांच्या पराती घेऊन, आत आल्या. अंगणात खुर्च्यांची रांग होती, मधोमध सजवलेलं खुराडं होतं, आणि खुराड्यात जावई होता.

"हे काय?" वेस्त्रीने विचारलं.

"बाबा बाळ आहे," किनांतीने सांगितलं.

सासूबाई परात सावरत पुढे आल्या. त्या खाली बघत होत्या. वासिसनेही मान वळेल तितकी वळवून खाली पाहिलं. झोळी सैल पडली होती. तिच्यातून दामारचा डावा पाय बाहेर आला होता, आणि पाचही बोटांनी त्याने अंगणातली माती मुठीसारखी धरली होती. चेहरा असा की जणू हे काम तो कधीपासून करत आला आहे.

सासूबाईंनी परात खुर्चीवर ठेवली. पदराने कपाळ पुसलं. मग अगदी हळू विचारलं, "सूर्य बुडाला होता?"

प्रश्न बरोबर होता. जावात दिवस बदलतो तो सूर्य बुडाला की. घड्याळ मध्यरात्रीपर्यंत थांबतं, ते त्याचं त्याला. पाय सूर्य बुडाल्यावर टेकला असेल तर तो गुरुवारचा, शुभ. आधी टेकला असेल तर बुधवारचा, आणि मग उद्याचा सगळा सोहळा म्हणजे जेवण झाल्यावर पाट मांडण्यासारखं.

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ दुपारपासून ढगांनी भरलेलं, आणि आता कसंही असलं तरी अंधारून आलेलं.

"मावळतीची बांग झाली का?" सासूबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी कर्ण्याकडे पाहिलं. मग वासिसकडे.

"आज करणारच होतो," तो खुराड्यातून म्हणाला.

वेस्त्रीने फोन काढला. "सूर्य मघाशीच मावळलाय. पण पाय कधी टेकला?"

"मला खाली बघता येत नव्हतं."

"कोंबडी स्वतःहून आत गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"स्वतःहून, इबू. उचललं तशी."

"मग झालं. कोंबडी तिन्हीसांजेलाच आत शिरते."

"आई, ती सकाळपासून शिरायला बघतेय."

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस, वेस्त्री?"

किनांती आजीपुढे आली. "मी सगळ्यांना झोपवलं, उती. कोंबडीला झोपवलं. चपलेला झोपवलं. सूर्याला झोपवलं. मग दामारने पाय ठेवला."

"सूर्य आधी?"

"आधी."

साक्षीदार दोन झाले, एक कोंबडी आणि एक किनांती. खरं तर इथेच सगळं मिटायला हवं होतं. पण सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या, आणि कशामुळे ते वासिसला आतून दिसलं. बुधवार धरला तर मुहूर्त गेला. गुरुवार धरला तर मुहूर्त गाठला, पण पहिलं पाऊल किनांतीच्या खेळात पडलं. आजीच्या हाताला काहीच राहिलं नाही.

"इबू," तो म्हणाला, "चुकलं माझं."

"तू आधी बाहेर ये. असा बोलू नकोस माझ्याशी."

वेस्त्रीने खुराडं उचललं. वासिस निघाला, कोंबडी राहिली. सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणलं, दामारचा पाय हातात घेतला आणि बोटांमधली माती एकेक करून धुतली. तो पाय त्यांनी जरा जास्तच वेळ हातात धरला. किनांती शेजारी उकिडवी बसून बघत होती, तिचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

सासूबाईंनी त्या पायांकडे पाहिलं. मग राहिलेलं पाणी त्यांनी त्यांच्यावर ओतलं आणि तेही धुतले.

"मग काय झालं म्हणायचं?" वेस्त्रीने विचारलं.

"कुठे काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "काही झालं नाही. वड्या झाका, मुंग्या लागतील."

सकाळी शेजारपाजार जमला. वड्या मांडल्या, उसाची शिडी उभी राहिली. सगळे दामारकडे बघत असताना सासूबाईंनी हाक मारली, "किनांती, इकडे ये."

"मी नाही. दामार."

"आधी तू. पाय जमिनीवर ठेवायचाय."

किनांतीने खाली पाहिलं. "ठेवलाय."

"मग आधी उचलू."

सासूबाईंनी तिला काखेत धरून उचललं. पोर जड होती. शेजारणी धरायला पुढे झाल्या तर त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. क्षणभर किनांती हवेत लोंबकळली, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच गप्प राहिली. मग आजीने तिला सावकाश, एकेक पाऊल करून, पहिल्या वडीवर उतरवलं. पाय उचलताना वडी पायाला चिकटली. किनांती म्हणाली, "जमीन ओढतेय." सासूबाई म्हणाल्या, "ओढू दे." त्यांचा आवाज ओला होता, पण नेटवर्क व्यवस्थित होतं.

त्याच हातांनी मग दामार उतरला. खुराड्यात दोघांना एकत्र बसवलं. किनांतीने चप्पल उचलली. दामारने पेन बघितलं, कंगवा बघितला, सोन्याची साखळी बघितली, आणि बहिणीची वेणी धरली. या व्यवसायाचा अर्थ जमलेल्यांपैकी कुणालाच लावता आला नाही. वेणी सोडवायला बराच वेळ लागला.

पाहुणे पांगल्यावर वासिसने मशिदीचा कर्णा खरोखरच दुरुस्त करून पोचवला आणि परत येऊन खुर्च्या आवरायला घेतल्या. दामार बाकाखाली जमिनीवर होता, किनांती बाकावर. आता तीच खाली उतरायला तयार नव्हती. पलीकडून बांग स्वच्छ ऐकू आली. ती संपेपर्यंत वासिस थांबला. मग आपला माइक पेटीत ठेवण्याआधी त्याने तो तपासून पाहिला, आणि हवामानामुळे असेल, त्याच्या गळ्यातून थेट गावच्या सरपंचांचा, सूचना वाचतानाचा आवाज निघाला.

"विषय, मावळण्याबाबत. तरी माननीय सूर्य यांना नम्र विनंती की, यापुढे मावळताना त्यांनी किमान एका जबाबदार प्रौढ व्यक्तीच्या समक्ष मावळावे, आणि मावळल्याची पोच कोंबडीकडे न देता थेट सासूबाईंच्या हाती द्यावी."