घरात माणूस हवा

भूकंप होऊन सोळा दिवस झाले होते, आणि फिदेन्सिओच्या पोटात तो अजून थांबला नव्हता.

फिदेन्सिओ गावचा कारभारी. हौसेने झालेला नव्हे. ओआहाका प्रांतातल्या डोंगरात कारभारीपण मागून मिळत नाही आणि नको म्हणून टळतही नाही. जानेवारीत गावसभेने हात वर केले आणि अधिकाराची काठी त्याच्या हाती दिली, वर्षभर, बिनपगारी. जन्मभर गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. चार लोकांत बोलायचं म्हटलं की तो मागे सरके. त्यात काम चुकलं तर कारभाऱ्यालाही गावच्या कोठडीत बसवायचं, ही तिथली जुनी रीत.

चौथ्या दिवशी गव्हर्नर खालच्या शहरात हेलिकॉप्टरने उतरले, ब्लँकेटं वाटताना फोटो काढून घेतले, ‘एकालाही वाऱ्यावर सोडणार नाही’ म्हणाले. त्यानंतर थेट काल फोन आला. सकाळी आठला इंजिनियर येईल, घरं बघून नंबराची चिठ्ठी देईल. चिठ्ठी असेल त्यालाच घर बांधायला मदत.

“आणि घरात माणूस हवा,” फोनवरचा साहेब म्हणाला. “रिकाम्या घराला नंबर नाही. लोक ओसाड घरं दाखवून सरकारला लुबाडतात.”

“पण साहेब, भिंती फाटल्यात. आम्ही सगळे मैदानावर झोपतो.”

“नियम मी केलेला नाही.”

म्हणून सकाळी फिदेन्सिओने कर्ण्यावरून सांगितलं, “आपापल्या घरात जाऊन बसा. इंजिनियर येईपर्यंत कुणी हलू नका.” त्याचाच आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. हे आपण सांगितलं, यावर त्याचा विश्वास बसेना.

आठ वाजले. दहा वाजले. गाडीचा पत्ता नव्हता. फिदेन्सिओ काठी घेऊन गल्लीगल्लीतून हिंडू लागला. माणसं दारं सताड उघडी टाकून, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बसली होती. म्हातारी निकानोरा मावशी मात्र खुर्ची टाकून बरोबर घराच्या मधोमध बसली होती. डोक्यावरचं आढं मधेच मोडलेलं.

“मावशी, जरा दाराशी तरी सरका.”

“दाराशी बसले तर अर्धाच नंबर देतील मेले,” ती म्हणाली. “तू जा. तुझ्या तोंडाकडे बघून मला जास्त भीती वाटते.”

तो आपल्या घरी आला. त्याची बायको एउस्तोलिया चुलीपुढे मक्याच्या तोर्तिया थापत होती.

“या कारभारी! आलं का सरकार?”

“नाही अजून.”

“मग खाऊन घ्या. रिकाम्या पोटालाही नंबर मिळत नसेल.”

त्याला हसू आलं नाही. चुलीमागच्या मातीच्या भिंतीला उभी भेग पडली होती. सकाळी त्याने तिच्यात बोटं घालून पाहिली होती, तेव्हा चार बोटं दुसऱ्या पेरापर्यंत गेली होती. आता त्याने हात घातला तर तो मनगटापर्यंत आत गेला. पलीकडून त्याच्या बोटांना वारा लागला.

अंगणातल्या टर्की कोंबड्या एकदम गप्प झाल्या. मग झाकण्या किणकिणल्या आणि आढ्यावरून मातीची बारीक धार पिठात पडली. क्षणभरच. एउस्तोलियाने पिठातला खडा काढून टाकला आणि पुन्हा थापायला घेतलं.

“बाहेर चल.”

“आणि नंबर?”

“चल म्हणतो ना!”

तीस वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला होता. ती पिठाच्या हातांनीच उठली.

तो कर्ण्याकडे धावला. “मी सकाळी सांगितलं ते चुकलं,” तो म्हणाला, आणि थुंकी गिळल्याचा आवाजही गावभर ऐकू गेला. “बाहेर या. घरं सोडा. जबाबदारी माझी.”

लोक कुरकुरत बास्केटबॉलच्या मैदानावर जमले. सगळ्यांत शेवटी निकानोरा मावशी आली, खुर्ची पाठीला बांधून. “आता पड म्हणावं त्या घराला,” ती म्हणाली. “नाहीतर ह्याची शोभा होईल.”

घर पडलं नाही. एक कौलसुद्धा निखळलं नाही. आणि बारा वाजता गाडी आली.

इंजिनियर घाईत होता. दारादारातून डोकावत त्याने वहीत त्रेचाळीस घरांपुढे एकच शब्द लिहिला: रिकामं.

“साहेब, माणसं ही काय, तुमच्यासमोर उभी आहेत,” फिदेन्सिओ म्हणाला.

“मैदानात आहेत. मी घरं लिहितो.”

तो वही मिटू लागला. गावाने तिथेच सभा भरवली. ती लांबली नाही. निकानोरा मावशी म्हणाली, “रीत ती रीत,” आणि हात वर झाले. काहींनी खाली बघत वर केले. फिदेन्सिओने काठी टेबलावर ठेवली. राखणदार आबुंदिओने कोठडीचं कुलूप काढलं, आत पाहिलं आणि किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला.

कोठडीची मागची भिंत पोटुश्या बाईसारखी पुढे आली होती.

“मी नाही ह्याला आत घालणार,” आबुंदिओ म्हणाला.

फिदेन्सिओला पळून जावंसं वाटत होतं. पण सकाळी त्याच्या एका शब्दावर ही सगळी माणसं अशाच भिंतींखाली जाऊन बसली होती. तो आपणहून आत गेला आणि जमिनीवर बसला. पाठीमागे माती झरत होती.

“इंजिनियरसाहेब,” तो आतून म्हणाला. “इथे माणूस आहे. या, लिहून घ्या.”

इंजिनियर दारापर्यंत आला. त्याने भिंतीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. “अहो, बाहेर या! वेडे आहात का? असल्या भिंतीखाली कोण जाईल?”

“हेच लिहा,” निकानोरा मावशी म्हणाली. तिने पाठीवरची खुर्ची सोडली, त्याच्या गाडीपुढे मांडली आणि बसली. मग बायका एकेक करून तिच्याभोवती बसल्या.

“मला हे वर विचारावं लागेल,” इंजिनियर म्हणाला.

“विचारा की. आम्ही सोळा दिवस बसलोय.”

त्याने फोन कानाला लावला. पुढे काय झालं ते फिदेन्सिओला दिसलं नाही. त्याला उठायचं होतं, पण पाय हलेनात. शेवटी कुणीतरी आत आलं. पिठाने पांढरा झालेला हात त्याच्या काखेत शिरला.

“उठा,” एउस्तोलिया हळूच म्हणाली. “साहेब तुमचं नाव विचारतायत. वहीतलं ‘रिकामं’ लिहिलेलं पान खोडलंय त्यांनी.”