टरफलांवरची चाल

माणसानं भाबडं असावं, पण त्याला काही धरबंध? तबेल्यातल्या म्हाताऱ्या मोतद्दाराला तो नव्हता. ठमी घोडीला त्यानं अकरा वर्षं खरारा करून पोटच्या पोरीसारखं वाढवलं. आता तिला एका गिऱ्हाइकानं मागणी घातली होती. सौदा झाला तर उरलेलं आयुष्य कुरणावर, फिसकटला तर खाटकाची गाडी. म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

अलीकडे सकाळी ठमी जरा अवघडून चालायची. वय झालं, दुसरं काय, असं म्हणत म्हातारा कुणी यायच्या आत तिला फिरवून मोकळी करायचा. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाइकाच्या डॉक्टरचं इंग्रजी पत्र आलं. एकच प्रश्न: सकाळी बाहेर काढल्यावर घोडी 'ॲज इफ ऑन एगशेल्स' चालते का? तबेल्याच्या मॅनेजरनं फोन करून अर्थ विचारून घेतला. खुरांच्या आत आग होत असली की जनावर तसं चालतं म्हणे. उत्तराखाली सही त्याचीच जाणार होती. त्यानं म्हाताऱ्याला ऑफिसात बोलावून चक्क खुर्ची दिली आणि पत्रातलं ते वाक्य वाचून दाखवलं. म्हाताऱ्यानं भीत भीत अर्थ विचारला.

"अंड्याच्या टरफलांवर चालल्यासारखी," मॅनेजर म्हणाला. "टरफल फुटणार नाही अशी अलगद. लाखात एखादीची असते. आपल्या ठमीची कुठली असायला?"

झालं! म्हातारा असा इरेला पेटला की विचारू नका. तुम्ही येता नऊला, तुम्हाला काय दिसणार, म्हणाला. ओणवा होऊन, दोन्ही हातांचे पाय करून, आखूड पावलं टाकत तो टेबलाभोवती फिरला. वळताना थबकला, एक हात उचलला, हळूच टेकवला. दारात जमलेले लोक पोट धरून हसले. म्हाताऱ्याला वाटलं कौतुकच चाललंय. त्यानं आणखी एक फेरी मारली.

"रोज अशीच?"

"रोज, साहेब. अगदी रोज."

मॅनेजरनं 'होय' लिहून सही ठोकली.

शुक्रवारी गाडी आली. म्हातारा नवी झूल घेऊन धावला. गाडीत गवताची काडी नव्हती. झूल बघून ड्रायव्हर म्हणाला, हिला आता कशाला? तेव्हा कुठं म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. तो रडत मॅनेजरकडे गेला.

"माझ्यापुढं कशाला रडतोस?" मॅनेजर म्हणाला. "तूच तर चालून दाखवलंस."

ठमी कुणाच्याही हातानं फळीवर चढेना. शेवटी त्यांनी लगाम म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्याच्या मागोमाग ती मुकाट्यानं चढली.