बिडाचं चाक

ऊस पिळायचा चरक गावात एकच. ज्याच्या पाळीत तो मोडेल त्यानंच नीट करून आणायचा, आणि दिवस जातील तेही त्याच्याच पाळीतले. कवडूबुवांची पाळी उद्या संपत होती, अर्धा ऊस तोडून पडला होता. म्हणून चरकाचं चिरलेलं दातेरी चाक पोत्यात घालून ते तिरोड्याहून थेट भिलाईत, कॅम्प-१ मध्ये जावयाच्या दारात आले.

जावई चिंधू कारखान्यात वेल्डर. पोलादाला उभ्या उभ्या जोड मारून पुढं सरकायची सवय. पण चाक पडलं बिडाचं, ओतीव लोखंडाचं, आणि बीड म्हणजे जावईच: हळूहळू तापवा, हळूहळू निववा, नाहीतर रुसून फुटणार. चिंधूनं जोड मारला आणि चाक गरम राखेत पुरलं.

मग सासरे अंगणात येरझारा घालू लागले. जावयाच्या मागं घाई लावणं शोभत नाही, म्हणून लेकीला छळणं.

"पंचफुले, निवलं का विचार त्याईले."

"आताच तं पुरलं, बाबा."

"संध्याकाळची गाडी सुटली तं पाळी गेली."

"मामाजी, आता काढलं तं पुन्हा फुटन," चिंधू म्हणाला. "रातभर राहू द्या." सांगणारा हा, पण काडीनं राख उकरायला दोनदा बसला तोही हाच.

पंचफुलानं काडी हिसकावली. "कोंबडी अंड्यावर बसली तं तुमी दोघं तिले उठवून पाहान." तिनं एका घमेल्यात गरम राख ओतली, त्यात चाक ठेवलं, वर पुन्हा राख, त्यावर दुसरं घमेलं उपडं, आणि तारेनं करकचून बांधलं. "जाऊ द्या गाडीनं. निवन तिकडंच."

कवडूबुवांनी हात पुढं केला.

"तुमी डोंगरगड टेशन याच्या आत उघडान. मीच येते."

"अन् माह्या जेवणाचं?" चिंधूनं विचारलं.

"राख उरली हाय. आलू भाजून खा."

गाडीत थंडीनं काकडलेल्यांनी घमेल्याला हात लावून शेक घेतला. उघडून दाखवा म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं कवडूबुवाच होते. तिनं ते मांडीवरच्या पोरासारखं कवेत धरून ठेवलं.

इकडे चिंधू दोन दिवस कारखान्यातून सुटला की स्टेशनवर. तिसऱ्या दिवशी तिरोड्याचेच आनंदराव, गाडीवरचे गार्ड, उतरले.

"टिकलं का?"

"टिकलं. सारा ऊस पिळून झाला."

"अन् पंचफुला?"

आधी चाक, मग बायको. हा क्रम आनंदरावांनी पुढच्या खेपेला तिरोड्यात इमानानं पोचवला, आणि पंचफुला संक्रांतीपर्यंत माहेरीच राहिली.